कुमुद मावशींची पांढरी चेटकीण

थांबा, हातातलं काम बाजूला ठेवा, मला हे आत्ताच्या आत्ता सांगायचंय. टायपो झाले तर होऊ देत. आज सकाळी लॅबमध्ये पोचले, बॅग अजून खांद्यावरच होती आणि फ्रीमाँटहून रेवाचा मेसेज आला, ‘आई गेली. झोपेत. तू ठीक आहेस ना?’ स्वतःची आई गेलीये आणि ही मला विचारतेय, तू ठीक आहेस ना! नाहीये मी ठीक. मी काँक्रीटचे ठोकळे मशीनमध्ये दाबून फोडते, हाच माझा पीएचडीचा विषय. आज एकही फोडला नाही. पार्किंगमध्ये गाडीत बसून हे टाइप करतेय. उद्यावर ढकललं तर मी शहाण्यासारखं लिहीन, ‘एक पर्व संपलं’ वगैरे, आणि तसं लिहिलेलं मावशींना अजिबात चाललं नसतं. त्या म्हणाल्या असत्या, "कसलं पर्व? मला दाखव बघू कुठंय ते."

तर कुमुद मावशी. माझ्या सख्ख्या मावशी नाहीत, टेक्ससमध्ये ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या सगळ्यांच्याच मावशी. पॅथॉलॉजिस्ट होत्या. म्हणजे पेशंटला कधी न भेटणाऱ्या डॉक्टर. सर्जननं काढलेल्या गाठीचा तुकडा काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर येणार, मावशी मायक्रोस्कोपमधून बघणार आणि कॅन्सर आहे की नाही ते सांगून सही करणार. जन्मभर हेच. रिटायर झाल्या, काका गेले, मुलगी रेवा तिकडे कॅलिफोर्नियात, आणि मावशींच्या आयुष्यात एकच वेड उरलं होतं. दक्षिण अमेरिकेच्या जंगलातला एक पतंग. संक्रांतीचा नव्हे हो, दिव्याभोवती भिरभिरतो तो. पण केवढा? पंख पसरले की फूटभर! जगातल्या सगळ्यात मोठ्या पंखांच्या पतंगांत त्याचा नंबर लागतो. पांढुरका, वर राखाडी नागमोडी रेघा. इंग्लिशमध्ये त्याला व्हाइट विच म्हणतात, मावशी नुसतं ‘चेटकीण’ म्हणायच्या. ती त्यांना एकदा, स्वतःच्या डोळ्यांनी, झाडावर बसलेली बघायची होती. बस, एवढंच. पकडायची नाही, टाचायची नाही. बघायची.

माझी त्यांची ओळख झाली महाराष्ट्र मंडळाच्या पिकनिकला. मी नुकतीच नाशिकहून आले होते, कुणाला ओळखत नव्हते. पार्कमध्ये मिसळीसाठी ही मोठी लाइन, आणि एक उंच, पांढऱ्या बॉबकटवाल्या बाई लाइन सोडून एका ओकच्या झाडासमोर उभ्या. नाक सालीला टेकेल इतक्या जवळ. डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे जातंय. मग जरा खाली. मग उजवीकडून डावीकडे. मला वाटलं यांना चक्कर येतेय.

"मावशी, बरं वाटत नाहीये का? पाणी आणू?"

"मी ठणठणीत आहे. तू माझ्या उजेडात उभी आहेस."

मी बाजूला झाले. "काही हरवलंय का?"

"नाही गं. प्रॅक्टिस करतेय, झाड वाचायची."

मग मला चेटकीण कळली. ती दिवसा खोडावर पंख पसरून गप बसते, रंग डिट्टो सालीसारखा, माणसं शेजारून जातात आणि पत्ता लागत नाही. म्हणून मावशी झाड स्लाइडसारखं वाचायच्या. एक आडवा पट्टा, मग त्याच्याखालचा, आणि प्रत्येक पट्टा आधीच्यावर थोडासा चढलेला.

"अंगण सारवताना हात आधीच्या हातावर जरा चढतो ना, तसं. मध्ये फट राहिली की नेमका कॅन्सर त्या फटीत बसलेला असतो."

"मी कधी अंगण सारवलं नाहीये, मावशी."

"मग धिरडं पसरतेस ते?"

"मी आयतं आणते."

"काय करता गं तुम्ही मुली!" असं म्हणून त्या तरातरा गेल्या आणि माझ्यासाठी मिसळीची प्लेट घेऊन आल्या. लाइनच्या मधून घुसून! कुणाची बोलायची टाप नव्हती. अर्ध्या लाइनच्या बायोप्स्या त्यांनीच बघितलेल्या.

त्याच पिकनिकला ठरलं की मी त्यांच्याकडे वरच्या खोलीत राहायचं. त्यांचे डोळे तेव्हाच बिघडायला लागले होते. डोळ्यांच्या डॉक्टरनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला होता, फ्रिजवर चिकटवून रोज एकेका डोळ्यानं बघायचा. ज्या दिवशी त्यातली सरळ रेघ वाकडी दिसली, त्या दिवशी मावशींनी गाडी चालवणं बंद केलं. स्वतःहून! शुगर लँडमध्ये गाडीशिवाय माणूस म्हणजे काय, हे इथं राहिलेल्यांना विचारा. दूध आणायला गाडी, चालायला जायचं तर पार्कपर्यंत गाडी. ओळखीतले कितीतरी काका डोळे मिचकावत हायवेवर सुसाट जातात आणि वर म्हणतात, मला सगळं दिसतं. मावशींना कुणी सांगितलंही नव्हतं. मला म्हणाल्या, "तुझे डोळे, माझी गाडी. जमेल?" जमलं. फक्त शेजारी बसून त्या मला रस्ता सांगायच्या, न बघता! "आता टायरवाल्याचं दुकान येईल, त्याच्या पुढे लेन बदल. अगं इंडिकेटर! नाशिकला देत नाहीत वाटतं?"

घरात त्यांचा एकच कायदा होता. काही शोधत असतील तर कुणी सांगायचं नाही. चष्मा मायक्रोवेव्हवर पडलेला मला समोर दिसतोय आणि मावशी सगळं घर पालथं घालतायत, मी तोंड उघडलं की संपलंच.

"सांगू नकोस!"

"मावशी, प्लीज, क्लासला उशीर होतोय."

"मग तू जा. माझा चष्मा मी शोधीन."

हॉस्पिटलमध्येही हेच. तिथे दोघांना एकदम बघता येईल असा मायक्रोस्कोप असतो, आणि शिकणाऱ्या डॉक्टरला अमुक पेशी बघ म्हणून दाखवायला आत एक छोटा हिरवा बाण. मावशींनी तो बाण काढूनच टाकला होता. पोरं रडकुंडीला यायची म्हणे. मावशी शेजारी चहा पीत बसायच्या. "दाखवली की ती हो म्हणतात. दिसलेली नसते, तरी हो म्हणतात. मोठ्या माणसासमोर नाही कोण म्हणणार? आणि पुढे तेच हो घेऊन सही करतात." हे मला फार लागलं होतं, कारण माझ्या गाइडसमोर मी रोज हेच करते यार.

चेटकिणीचं खूळ आलं कुठून, ते मी एकदा पोळ्या लाटताना विचारलं. (मी लाटत होते. त्या गोल आहेत की नाही ते हातानं चाचपून सांगत होत्या.) तर झालं असं की खूप वर्षांपूर्वी, रेवा लहान असताना, एक चेटकीण वाट चुकून चक्क टेक्ससमध्ये आली होती. येतात म्हणे क्वचित एखादी. सकाळी हॉस्पिटलच्या मागच्या भिंतीवर बसलेली. अख्खी लॅब खाली पळाली. मावशी निघणार तेवढ्यात ऑपरेशन थिएटरमधून एक तुकडा आला. पेशंट टेबलवर, पोट उघडलेलं, सर्जन हात वर करून थांबलेला, आणि इथे मावशींनी तुकडा गोठवून, कापून, बघून सांगायचं की अजून कापायचं की शिवायचं. मावशी बसल्या. नीट बघितलं, सांगितलं, फोन ठेवला आणि जिन्यानं धावत खाली गेल्या. भिंत रिकामी. लॅबमधले सगळे हात एवढे एवढे पसरून एकमेकांना दाखवत होते, एवढी होती, नाही नाही, एवढी!

"वाईट वाटलं असेल ना, मावशी?"

"पेशंटचं चांगलं निघालं होतं. शिवा म्हटलं मी." मग पुढची पोळी चाचपत, "पण माझी राहिलीच बघायची."

रिटायर झाल्यावर त्या तीन वेळा गेल्या. इक्वेडोर, पेरू, परत इक्वेडोर. दर वेळी काहीतरी. एकदा नुसता पाऊस, एकदा पाय मुरगळला, एकदा आदल्या दिवशीच्या ग्रुपला दिसलेली आणि यांना नाही. आता डोळ्यांचं सुरू झालं होतं. मधला भाग जाणारा आजार. डोळ्यात इंजेक्शनं घ्यायच्या (मी बाहेर बसून स्वतःचेच डोळे झाकून घ्यायचे, त्या आत नर्सला तिच्या मुलाच्या ॲडमिशनचं विचारायच्या), त्यानं वेग कमी झाला, थांबलं मात्र नाही. मला त्यांनी समजावलं ते असं, "मध्ये जळलेली भाकरी असते ना? कडा चांगल्या आहेत. पण मी जिथं बघायला जाते, नेमकं तिथंच जळलेलं."

म्हणून चौथी ट्रिप लवकर करायची होती. रेवाचा फोन स्पीकरवर.

"आई, नो. यू आर नॉट गोइंग टू द ॲमेझॉन. तुला समोरचा कप दिसत नाही."

"कप मला बघायचाच नाहीये."

"आई, धिस इज नॉट फनी!"

"मी कुठे हसतेय? रेवा, अजून वर्षभर थांबले तर कडाही राहणार नाहीत. मग मी काय बघू?"

मग रेवा म्हणाली, "देन आय ॲम कमिंग विथ यू."

मग सुरू झाली प्रॅक्टिस! मी पांढुरक्या कागदाच्या फूटभर चेटकिणी कापायच्या, नागमोडी रेघा काढायच्या आणि मागच्या अंगणातल्या झाडांना कुठेही चिकटवायच्या. मावशी बाहेर येऊन शोधणार. सरळ बघून काही दिसायचं नाही, म्हणून त्या मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, कोंबडी बघते ना तसं बघायला शिकल्या. आधी तासन्‌तास काही नाही. मी खिडकीतून बघत बसायचे. मग एक दिवस ओरडल्या, "ही बघ! ही बघ बया!" काय नाचल्या! मग सोसायटीवाल्यांचा मेल आला की झाडांना कागद चिकटवून परिसराची शोभा बिघडवू नये. मावशींनी मला उत्तर टाइप करायला लावलं, ‘आपल्या माणसाला एकही कागद सापडला असल्यास अभिनंदन, कृपया कुठला ते कळवावे.’ पाठवलं आम्ही ते! आणि ट्रिपच्या आधी तर त्यांना दहातल्या सात-आठ सापडायला लागल्या होत्या. मला खात्री होती. हंड्रेड पर्सेंट खात्री होती हो मला.

पुढचं मी बघितलेलं नाही. त्या परत आल्यावर, दुपारी मावशी आत झोपलेल्या असताना, रेवानं किचनच्या ओट्याला टेकून सांगितलं, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, मध्येच थांबत.

तिथल्या गाइडला मावशींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बोट दाखवायचं नाही. तो बिचारा हसला, त्याचं कामच मुळी बोट दाखवायचं! रोज सकाळी तिघं निघायची, मावशी एकेक खोड वाचायच्या, ती दोघं मागे. काही नाही. शेवटच्या सकाळी रेवाला दिसली. नाश्त्याच्या झोपडीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, खांद्याच्या उंचीवर, मोकळी, दोन्ही पंख पसरून. आणि मावशी त्याच झाडासमोर उभ्या होत्या, वाचत. गाइडचा हात वर गेला, रेवानं तो दाबून धरला. मावशींचा पट्टा चेटकिणीच्या वरून गेला, मग थेट तिच्या अंगावरून गेला, मग तिच्या खालून. मान वाकडी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून, सगळं शिकल्याप्रमाणे. खोड संपलं.

"काही नाही," मावशी म्हणाल्या आणि पुढच्या झाडाकडे निघाल्या.

मागे पावलं वाजेनात म्हणून थांबल्या. "रेवा, येत का नाहीयात तुम्ही?"

रेवा तिथंच उभी होती, गाइडचा हात अजून धरून.

"आहे का तिथं?"

"हो, आई."

"सांगू नकोस." आणि त्या परत आल्या. पुन्हा वरपासून. डाव्या कोपऱ्यातून, उजव्या कोपऱ्यातून, लांबून, जवळून. आमच्या अंगणातल्या झाडांना साधी तपकिरी साल होती. या झाडाला पांढुरके डाग होते, शेवाळ होतं, सावल्या हलत होत्या. चेटकीण जागची हलली नाही. हलली असती तर कदाचित दिसली असती, कडेच्या नजरेला हललेलं लगेच कळतं. पण ती बसली होती आपली निवांत.

खूप वेळानं मावशी म्हणाल्या, "दाखव."

रेवा मला म्हणाली, "शी नेव्हर सेज दॅट, केतकी. लाइफमध्ये कधी नाही." तिनं आईचं बोट धरलं आणि पंखाच्या अगदी जवळ नेलं, न लावता. मावशी बोटावरून बघत राहिल्या.

"नाही गं. साल दिसतेय."

"आई, इट्स राइट देअर. हो म्हण ना. प्लीज, जस्ट से यस."

"मला जे दिसलं नाही त्यावर मी कधी सही केलेली नाही, रेवा."

मग त्यांनी रेवाला विचारलं, ती कशी दिसते ते सांग. आणि रेवाला, जिचं मराठी जेवले-झोपते असं घरगुती बोलण्यापुरतंच, तिला शब्दच सापडेनात. तिनं जे काही होतं नव्हतं ते सांगितलं. मावशी मान हलवत ऐकत होत्या, कुणाचा तरी रिपोर्ट ऐकावा तसं. रेवानं फोटो काढला आणि तिघं नाश्त्याला गेली. एवढंच. हे सांगून रेवा सिंकमध्ये नळ सोडून उगाच धुतलेली भांडी परत धूत बसली.

तो फोटो रेवानं मला पाठवला आणि कसा कोण जाणे, मंडळाच्या ग्रुपवर गेला. झालं! ‘कुमुद मावशींना चेटकीण सापडली!’ हारतुरे, टाळ्या, नाचणाऱ्या इमोजी. मंडळानं ठरवलं सत्कार करायचा. शाळेचा हॉल, शाल-श्रीफळ, पडद्यावर हा एवढा मोठा फोटो. सेक्रेटरी काकांनी भाषण ठोकलं, वयाच्या या टप्प्यावर, जिद्द, वगैरे. शाल खांद्यावर टाकायला ते पुढे आले, तर मावशींनी हातानं थांबवलं आणि माइक मागितला.

"चेटकीण रेवाला सापडली. मला नाही. शाल तिला द्या. ती फ्रीमाँटला असते, पार्सल करा."

हॉल हसला. छान विनोद! काका म्हणाले, "अहो मावशी, एकच की! मुलीला काय, आईला काय."

"एकच नाही," मावशी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी समोर उभी होते आणि मला दिसली नाही. तुम्ही प्रेमानं करताय, मला कळतंय. पण मी ही शाल घेतली तर मी ती बघितली असं होईल."

मग कुणी हसलं नाही. काका शाल धरून तसेच उभे. मावशींनी श्रीफळ मात्र घेतलं, "याची बर्फी करून पाठवते सगळ्यांना," आणि खरंच करून पाठवली. नारळ मी खवला. गाडीत परत येताना त्या एक शब्दही बोलल्या नाहीत. टायरवाल्याचं दुकान आलं आणि गेलं, मी लेन बदलली नाही, एक्झिट चुकले, तरी काही नाही. मी बघितलं तर गालांवरून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या.

त्यानंतर पाचवी ट्रिप हा विषयच निघाला नाही. कडाही गेल्या हळूहळू. गॅसवर दोनदा हात भाजला. रेवा आली, घर विकायला काढलं, आणि मावशी तिच्याकडे राहायला निघाल्या. कुरकुर नाही. फक्त सामान बांधताना मला म्हणाल्या, "केतू, तो झाडावर बसलेला जीव किती शांत असेल गं. आम्ही सगळे एवढे त्याच्यासमोर धडपडत होतो, आणि त्याला पत्ता नाही."

ह्यूस्टनच्या एअरपोर्टवर मी सोडायला गेले. व्हीलचेअरवाला मुलगा आला. मावशींनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. मी वेड्यासारखं विचारलं, "दिसतेय ना मी, मावशी?" म्हणजे त्या हो म्हणतील असं वाटलं मला. कुणीही म्हटलं असतं.

"नाही गं बाई. नुसता उजेड दिसतोय." आणि कपाळाची पापी घेतली.

मग त्या निघाल्या, रेवा बॅगा घेऊन मागे. सिक्युरिटीच्या दोरीपलीकडे गेल्यावर मावशींनी खुर्ची थांबवायला लावली, वळल्या आणि हात हलवला. माझ्याकडे नाही. माझ्यापासून बरीच लांब, खांबापाशी, कुणीतरी लाल टोपीवाली मुलगी कॉफी पीत उभी होती, तिच्याकडे बघून. एवढं हसून, एवढा मोठा हात! ती मुलगी गोंधळली, मग तिनंही हात हलवला. आणि मी पळाले. बॅगा, माणसं, स्ट्रोलर्स, कुणाकुणाला धडकत पळाले आणि त्या मुलीच्या शेजारी जाऊन उभी राहिले, म्हणजे मावशी जिथं बघतायत तिथं मी असेन. धापा टाकत हात हलवत राहिले, खुर्ची वळून दिसेनाशी होईपर्यंत.

तीच शेवटची भेट. आज मेसेज आल्यापासून मला सारखं तेच डोळ्यांसमोर येतंय. सांगा ना, तुमच्या बाबतीत झालंय का हो असं? आपलं माणूस निरोप देताना भलतीकडेच बघत होतं, आणि तुम्ही धावत जाऊन त्या जागी उभे राहिलात?